हातवाऱ्यांचे खेळयंत्र

दिवस कलू लागला, की वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावात मोकळ्या जागी मुलांचा मेळा जमतो. कोणी फळीची बॅट आणतो, कोणी चेंडू आणतो आणि यष्ट्यांच्या जागी तीन काटक्या उभ्या राहतात. खेळाला एवढे साहित्य पुरते, हे तुम्हांस ठाऊकच आहे. आता अशी कल्पना करा, की त्याच गावातील एका घराच्या माजघरात एक मुलगी दूरदर्शन संचासमोर उभी आहे. तिच्या हातात बॅट नाही, वीतभर लांबीची एक पांढरी कांडी आहे. समोर चेंडू नाही, पडद्यावर चेंडूचे केवळ चित्र आहे. ती हात फिरवते आणि त्याच क्षणी पडद्यावरील खेळाडूचाही हात फिरतो. ओसरीवरून हा प्रकार पाहणारी तिची आजी विचारते, "अगं, वाऱ्याला का मारतेस?"

आजीचा प्रश्न अगदी योग्य आहे. वाऱ्यात फिरणारा हात त्या यंत्राला कसा कळतो? त्याला डोळे आहेत काय? आणि ज्या खेळाला गावात तीन काटक्या पुरतात, त्यासाठी कोणी हजारो रुपये खर्च करावेत काय? यंत्राची रचना नीट समजली, की पैशाचा प्रश्नही अधिक शहाणपणाने सोडविता येतो. म्हणून आधी रचनेकडे वळू.

दूरदर्शन संचाला जोडून घरात खेळावयाची यंत्रे काही नवी नाहीत. परंतु बराच काळ अशा यंत्रांवर खेळणाऱ्या मुलाची केवळ बोटे हलत. पडद्यावरचा मल्ल उड्या मारी, धावे, घामाघूम होई. आणि त्याला पळविणारा मुलगा मात्र गादीवर रेलून दोन्ही अंगठ्यांनी बटणे दाबीत बसलेला असे. ही रीत मोडण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. सोनी या जपानी कंपनीने २००३ साली आयटॉय नावाचा एक छोटा कॅमेरा काढला, त्यात खेळणाऱ्याचेच चित्र पडद्यावर उमटे. तथापि हातवाऱ्यांचा खेळ जगभर घरोघरी पोहोचविला तो निन्टेंडो या दुसऱ्या जपानी कंपनीने. तिचे मूळ मोठे गमतीचे आहे. १८८९ साली क्योटो शहरात ती स्थापन झाली, तेव्हा ती फुलांची चित्रे असलेले हाताने बनविलेले पत्ते विकीत असे. या पत्त्यांची आठवण ठेवा, पुढे ती उपयोगी पडेल.

या कंपनीचे 'वी' नावाचे यंत्र १९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत विक्रीस आले. पुढच्याच महिन्यात ते जपान व युरोपमध्ये गेले. त्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या आणि कित्येक महिने मागणीइतका माल मिळेना. उत्पादन थांबेपर्यंत जगात दहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. ज्या आजी-आजोबांनी खेळयंत्राला कधी हात लावला नव्हता, तेही कांडी हातात धरून उभे राहिले, याचे कारण उघड आहे. बटणांची भाषा शिकावी लागते; चेंडू टोलविण्याची भाषा हाताला आधीच येत असते.

अमेरिकेत या यंत्राची किंमत २५० डॉलरला एक सेंट कमी, एवढी होती. त्या वेळी एका डॉलरला सुमारे ४५ रुपये पडत. म्हणजे जकात, वाहतूक व दुकानदाराचा नफा बाजूला ठेवला, तरी ही रक्कम सव्वाअकरा हजार रुपयांच्या घरात जाते. रिठदच्या आसपास सोयाबीन व तूर ही पिके घेतात. २००६-०७ च्या हंगामात शासनाने पिवळ्या सोयाबीनचा किमान आधारभाव क्विंटलला १०२० रुपये ठरविला होता. आता भागाकार करून पाहा. एका खेळयंत्राचे मोल अकरा क्विंटल सोयाबीन! पेरणी, निंदणी, कापणी व मळणी करून भरलेली ती पोती खळ्यावर एका ओळीत उभी केली, म्हणजे खेळण्याची किंमत डोळ्यांपुढे येते. त्यातच, त्या सुमारास महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनामुळे दिवसाचे कित्येक तास वीज नसे. म्हणून हे यंत्र प्रथम मोठ्या शहरांतील सधन घरांत व परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांत शिरले. खेड्यात ते आलेच, तर परदेशातून परतलेल्या एखाद्या मामाच्या सामानातून.

आता कांडीचे रहस्य पाहू.

तुम्ही एस.टी. गाडीत उभे आहात. चालकाने गाडी एकदम सुरू केली, की तुम्ही मागे झुकता. त्याने करकचून थांबविली, की पुढे झुकता. डोळे मिटून घेतले तरीही गाडीचा वेग वाढला की कमी झाला, हे तुम्हांला आपल्या अंगावरून सांगता येते. वेगात होणाऱ्या या बदलाला त्वरण म्हणतात. वीच्या कांडीत असाच एक इवलासा प्रवासी बसविलेला असतो. सुमारे चार मिलिमीटर लांबीरुंदीच्या एका चौकोनी तुकड्यात सिलिकॉनचा एक अत्यंत सूक्ष्म भार, सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर तोललेला असतो. कांडी उजवीकडे झटकली, की हा भार किंचित मागे, म्हणजे डावीकडे राहतो. डावीकडे झटकली, की उजवीकडे राहतो. त्याच्या कडांना लागून बारीक विद्युत् पट्ट्या असतात. भार सरकला, की पट्ट्यांमधील अंतर बदलते, अंतर बदलले, की त्यांच्यावर साठणाऱ्या विद्युत् भाराचे प्रमाण बदलते आणि तो बदल आकड्याच्या रूपाने यंत्राकडे जातो. पुढे-मागे, वर-खाली व डावी-उजवीकडे अशा तीनही दिशांचे आकडे निरनिराळे मिळतात. हाच तो त्वरणमापक.

याला आणखीही एक गोष्ट समजते. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहतो. दोरीच्या टोकाचा भार नेहमी पृथ्वीच्या ओढीने खाली लोंबतो, म्हणून खालची दिशा कोणती हे त्याला अचूक सांगता येते. कांडीतील सूक्ष्म भारावरही पृथ्वीची ओढ सतत असते. त्यामुळे कांडी स्थिर धरून नुसती तिरकी केली, तरी ती किती तिरकी झाली ते यंत्राला कळते. गोफण, पाळणा, एस.टी. आणि ओळंबा यांत जे चालते, तेच इथेही चालते. केवळ आकार लहान झाला आहे.

पण पडद्यावरील एखाद्या चित्राकडे नेमके बोट दाखवावयाचे, तर एवढ्याने भागत नाही. त्यासाठी दूरदर्शन संचाच्या वर किंवा खाली एक अरुंद काळी पट्टी ठेवावी लागते. तिला 'सेन्सर बार', म्हणजे संवेदक पट्टी म्हणतात. हे नाव मात्र निव्वळ फसवे आहे. त्या पट्टीला काहीही जाणवत नाही. तिच्या दोन्ही टोकांना अवरक्त प्रकाश देणारे बारीक दिवे असतात, एवढेच. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पाहण्याचे काम कांडीच्या पुढच्या टोकात दडलेला लहानसा कॅमेरा करतो. त्याला अंधारात दोन ठिपके दिसतात. ठिपके कॅमेऱ्याच्या चौकटीत डावीकडे सरकले, म्हणजे कांडी उजवीकडे वळली, आणि ठिपके एकमेकांपासून दूर गेले, म्हणजे खेळणारा जवळ आला. रात्री दूरवरून येणाऱ्या मोटारीचे दोन दिवे आधी एकच वाटतात व गाडी जवळ आल्यावर अलग दिसू लागतात, तसेच हे आहे. पट्टी बिघडली असता लोकांनी तिच्या जागी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवून पाहिल्या आणि खेळ सुरळीत चालला. कारण मेणबत्तीच्या ज्योतीतूनही अवरक्त किरण बाहेर पडतात. वीचा खरा डोळा हातात आहे, संचावर नाही, याचा याहून सोपा पुरावा नाही. मात्र हा प्रयोग तुम्ही घरी करू नये. दूरदर्शन संचाजवळ ज्योत ठेवणे, आणि तीही हात झोकून खेळताना, हे आगीला आमंत्रण होय.

पहिल्या कांडीत एक उणीव होती. मनगट गोल वळविले, तर ते तिला नीट उमगत नसे. हात हलला एवढे समजे, पण कोणत्या अंगाने व किती वळला हे तिला अचूक सांगता येत नसे. २००९ साली कंपनीने तिला जोडावयाचा एक लहान भाग काढला. त्यात फिरण्याचा वेग मोजणारे घूर्णमापक होते. तेव्हापासून टेनिसची फळी सरळ मारली की चेंडूला पीळ दिला, हेही पडद्यावर दिसू लागले.

वीचे यश पाहून इतर कंपन्या कशा स्वस्थ बसतील? २०१० साली दोन नवी यंत्रे आली आणि दोघींनी दोन निराळ्या वाटा धरल्या. सोनीने आपल्या प्लेस्टेशनसाठी 'मूव्ह' नावाची कांडी काढली. तिच्या टोकाला पिंगपाँगच्या चेंडूएवढा एक गोळा असून तो आतून रंगीत प्रकाशाने उजळतो. येथे डोळा हातात नसून संचाजवळच्या कॅमेऱ्यात आहे. गोळ्याचा खरा आकार यंत्राला ठाऊक असतो. त्यामुळे तो कॅमेऱ्यात केवढा दिसतो, यावरून तो किती दूर आहे हे काढता येते. खोलीत लाल वस्तू पुष्कळ असतील, तर गोळा दुसरा रंग धारण करतो. कांडीच्या पोटात त्वरणमापक व घूर्णमापक तर आहेतच, शिवाय पृथ्वीचे चुंबकत्व ओळखणारा एक होकायंत्रासारखा भागही आहे. इतर मापकांच्या हिशेबात हळूहळू साचणारी चूक तो दुरुस्त करतो.

मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने हातातील वस्तूच काढून टाकली. तिच्या 'किनेक्ट' या उपकरणाने खोलीभर अवरक्त किरणांचे असंख्य ठिपके पसरावे, आणि ते ठिपके भिंतीवर, खुर्चीवर व माणसाच्या अंगावर पडून कसे कसे सरकतात हे कॅमेऱ्याने सेकंदाला तीस वेळा पाहावे, अशी ती योजना होती. उन्हाळ्यात आंब्याच्या झाडाखाली बसले असता पानांतून गळणारे उन्हाचे ठिपके जमिनीवर एका जागी व तुमच्या उचललेल्या हातावर दुसऱ्या जागी पडतात, हे तुम्ही पाहिले असेल. त्या सरकण्यावरून हात जमिनीपासून किती वर आहे हे गणिताने काढता येते. किनेक्ट हेच करी. बाजारात आल्यापासून पहिल्या साठ दिवसांत ८० लाख किनेक्ट विकली गेली, आणि २०१७ साली त्याचे उत्पादन बंदही झाले. बुद्धीचा एवढा अद्भुत नमुना आणि त्याचे आयुष्य अवघे सात वर्षांचे! याचे एक कारण आपल्या घरांना लगेच पटेल. एकट्याने खेळावयास उपकरणापासून सुमारे सहा फूट व दोघांना सुमारे आठ फूट मागे उभे राहावे लागे आणि मधली सर्व जागा मोकळी लागे. ज्या माजघरात कणगी, शिवणयंत्र, पलंग व देव्हारा आहे, तेथे आठ फूट मोकळी जागा कोठून आणावी?

परदेशी खेळांच्या या भाऊगर्दीत आपल्या गल्लीतील खेळ कधी पडद्यावर आला की नाही, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आला आहे. २००९ साली हैदराबाद येथील एका कंपनीने 'देसी अड्डा' नावाच्या खेळसंग्रहात कबड्डी, विटीदांडू यांसारखे खेळ आणले, पण ते बटणांवर खेळावयाचे होते. बटण दाबून विटी उडविण्यात काय हंशील, असे या लेखकाला तरी वाटते. त्यानंतर २०१२ साली मुंबईच्या ट्राइन गेम्स या मंडळीने सोनीच्या मूव्ह कांडीसाठी 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' हा खेळ तयार केला. त्यात कांडी हीच बॅट. हात मागे घ्यावा, चेंडू येईल तसा फिरवावा, आणि पडद्यावरील गल्लीत चेंडू टोलवावा. परदेशी खेळांत बेसबॉल, बोलिंग व गोल्फ यांचेच राज्य असताना, मुंबईत बसून कोणी गल्लीतले क्रिकेट त्या कांडीत भरावे, ही गोष्ट लहान नव्हे.

आता खरेदीकडे वळू. समजा, त्या मुलीच्या मामाने अमेरिकेहून परत येताना आपल्या मुलांचे जुने वी यंत्र तिच्यासाठी आणले. खोक्यावर धूळ आहे, पण यंत्र चालू आहे. घरातील सर्वजण भोवती जमले आहेत. या क्षणी सर्वांत घातक वस्तू कोणती असेल, तर ती म्हणजे भिंतीवरील विजेची खोबण. अमेरिकेत घरातील विजेचा दाब १२० व्होल्ट असतो. आपल्याकडे तो २३० व्होल्ट असतो. अमेरिकेत विकलेल्या वीचा वीजजोड केवळ १२० व्होल्टसाठी केलेला असतो. तो आपल्या खोबणीत नुसता खोचला, तर जळून जाईल. पायऱ्यांच्या आकाराच्या बदलीपिना बाजारात मिळतात, त्यांनी केवळ पिनांचा आकार जुळतो, दाब कमी होत नाही. म्हणून वीजजोडावर 'इनपुट' या शब्दापुढे काय छापले आहे, ते आधी वाचावे. '१००-२४०' असे असेल, तर चिंता नाही. '१२०' एवढेच असेल, तर आपल्या दाबाला योग्य असा वीजजोड मिळेपर्यंत यंत्र खोक्यातच राहू द्यावे. घरातील वडील माणसाला दाखविल्यावाचून खोबणीला हात लावू नये, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरी अडचण तबकड्यांची. अमेरिकेतील वीवर अमेरिकेत विकलेल्याच तबकड्या चालतात, युरोपातील वा जपानमधील चालत नाहीत. मुंबईच्या दुकानात स्वस्त मिळाली म्हणून आणलेली तबकडी मामाच्या यंत्रात मुकीच राहील, असे पुष्कळदा घडते. तिसरी अडचण दूरदर्शन संचाची. वीसोबत पिवळ्या, लाल व पांढऱ्या टोकांची तार येते. जुन्या संचांना त्या तीन रंगांची छिद्रे असत. नव्या चपट्या संचांपैकी कित्येकांना ती नसतात, आणि मग रूपांतर करणारा एक जोड विकत आणावा लागतो.

आणि चौथी अडचण अशी, की यंत्र जुने झाले म्हणजे त्याच्यामागची दुकाने व सोयीही उठून जातात. वीचे उत्पादन २०१३ साली थांबविण्यात आले. त्यावरील खेळ दूरच्या माणसाशी खेळण्याची सोय मे २०१४ मध्ये संपली, आणि जानेवारी २०१९ अखेर त्याचे तारायंत्री दुकानही बंद पडले. तेव्हा वी किंवा किनेक्ट आता कोणी विकावयास काढले, तर ते वापरलेलेच असण्याचा संभव फार. त्याच निन्टेंडोने मार्च २०१७ मध्ये 'स्विच' हे नवे यंत्र आणले. त्याच्या दोन सुट्या मुठींतही त्वरणमापक व घूर्णमापक आहेत, पण त्याची किंमत वीहून बरीच अधिक होती.

वापरलेली वस्तू घेताना लाज धरू नये. विकणाऱ्याच्या घरीच ती चालवून पाहावी. कांडी पडद्याकडे रोखली असता हाताचे चिन्ह थरथरते काय, तबकडी आत घेताना यंत्र खरखरते काय, हे पाहावे. कांडीच्या पाठीचे झाकण काढून सेलची जागा तपासावी. तेथे पांढरी वा हिरवट पूड साचली असेल, तर आत विसरलेले सेल पाझरले आहेत असे समजावे. एक गोष्ट आणखी पाहावी, ती म्हणजे कांडीला मनगटाची दोरी आहे की नाही. पुष्कळ विक्रेते ती हरवून बसतात आणि तिला क्षुल्लक मानतात.

ही दोरी क्षुल्लक नाही. गोफण तुम्ही पाहिलीच असेल. राखणीच्या वेळी ज्वारीवरची पाखरे उडविताना राखणदार गोफणीचे एक टोक बोटात अडकवितो व दुसरे चिमटीत धरतो. गरगर फिरवून चिमटीतले टोक सोडले, की खडा सुटतो आणि ज्या क्षणी सुटला त्या क्षणीच्या दिशेने सरळ जातो. घामाने ओलसर झालेल्या हातातून खेळयंत्राची कांडी निसटली, की तिचा तोच खडा होतो, आणि समोर असतो दूरदर्शन संच! वी बाजारात येताच जगभरातून फुटलेल्या पडद्यांच्या व भिंतींना पडलेल्या खळग्यांच्या तक्रारी आल्या. पहिल्या दोऱ्या जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीच्या होत्या, त्या जोराच्या झटक्याने तुटत. एका महिन्याच्या आतच, डिसेंबर २००६ मध्ये, कंपनीने सुमारे ३२ लाख दोऱ्या विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले, नव्या दोरीची जाडी १ मिलिमीटर केली, आणि पुढल्या वर्षी कांडीला मऊ रबराचे अंगरखेही दिले. यंत्रासाठी अकरा क्विंटल सोयाबीन मोजलेल्या घराला दूरदर्शन संचही नव्याने घ्यावा लागला, तर त्या खेळाचे काय होईल, याचा विचार करा. खेळताना दोरी मनगटात घालून कसावी, हात कोरडे ठेवावेत, आणि हात वर नेण्यापूर्वी छताचा पंखा व दिवा किती उंचीवर आहेत ते पाहावे. लहान भावंडे पाठीमागे उभी राहून पाहतात, ती हाताच्या टप्प्याबाहेर आहेत ना, हेही पाहावे.

विजेचा खर्च मात्र फारसा नाही. खेळ चालू असता वी सुमारे १८ वॅट वीज घेते. दूरदर्शन संचाला ६० वॅट धरले, तर दोन्ही मिळून ७८ वॅट होतात. रोज एक तास याप्रमाणे तीस दिवसांचे २३४० वॅट-तास, म्हणजे जेमतेम २.३४ युनिट. तुमच्या घरच्या वीजबिलावर एका युनिटचा दर छापलेला असतो, त्याने गुणून पाहा.

मग आरोग्याचे काय? "हे यंत्र घेऊन दिले, तर माझा व्यायाम होईल," असे अनेक मुले आईवडिलांना सांगतात. या म्हणण्याची परीक्षा घेतली गेली आहे. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातील संशोधकांनी १३ ते १५ वर्षे वयाच्या ११ मुलामुलींना आधी बसून खेळावयाचा मोटारशर्यतीचा खेळ दिला, नंतर वीवरील बोलिंग, टेनिस व मुष्टियुद्ध हे खेळ दिले, आणि प्रत्येक वेळी शरीर किती ऊर्जा खर्च करते ते मोजले. २००७ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, वीवर खेळताना बैठ्या खेळाच्या मानाने किमान ५१ टक्के अधिक ऊर्जा खर्ची पडली. पण तेच खेळ प्रत्यक्ष मैदानावर खेळले असता जेवढी पडते, तिच्यापेक्षा ती पुष्कळ कमी होती, आणि मुलांना रोज जेवढा व्यायाम हवा, त्यात धरण्याइतकी ती नव्हती. म्हणजे मुलांचे म्हणणे अर्धे खरे ठरले. अर्धे खरे बोलून खरेदी करून घेणे आणि मग मैदानाकडे पाठ फिरविणे, हा व्यवहार मात्र आईवडिलांना महागात पडेल.

उलट बाजूनेही एक गंमत नोंदलेली आहे. त्याच वर्षी स्पेनमधील एका डॉक्टराने एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून २९ वर्षांच्या एका रुग्णाची हकिगत कळविली. त्याचा उजवा खांदा दुखत होता, पण पडणे, मार लागणे असे काहीच झाले नव्हते. विचारता विचारता कळले, की त्याने वीवर कित्येक तास टेनिस खेळले होते. खऱ्या मैदानात चेंडू आणावयास धावावे लागते, दम लागतो, आणि त्यामुळे हाताला विसावा मिळतो. यंत्रातला चेंडू आपला आपण परत येतो, म्हणून हात थांबतच नाही. एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक न खेळणे व दोन खेळांच्या मध्ये हात खाली सोडून बसणे, हे या दृष्टीने बरे.

आता पत्त्यांची आठवण करा. पक्षाघाताने एका बाजूचा हात लुळा पडलेल्या माणसाला हात पुन्हा हलविण्याचा सराव करावा लागतो. तो सराव कंटाळवाणा असतो, म्हणून वीसारख्या खेळाचा उपयोग करून पाहावा असे डॉक्टरांच्या मनात आले. २०१० साली कॅनडात केलेल्या एका लहान अभ्यासात २२ रुग्ण होते, आणि वी खेळणाऱ्यांचा हात अधिक सुधारला असे दिसले. लोकांना फार आनंद झाला. पण शास्त्रज्ञ एका लहान अभ्यासावर थांबत नाहीत. त्याच संशोधकांनी कॅनडासह चार देशांतील रुग्णालये मिळून १४१ रुग्णांवर मोठी चाचणी घेतली. एका गटाला वी दिले. दुसऱ्या गटाला पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळे व चेंडू असे साधे खेळ दिले. दोन्ही गटांना तेवढाच वेळ खेळविले. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा: दोन्ही गटांची सुधारणा सारखीच होती. जी कंपनी पत्ते विकता विकता मोठी झाली, तिच्या यंत्राला पत्त्यांनीच बरोबरीत रोखले! वी वाईट ठरले असा याचा अर्थ नव्हे. रुग्णाने आवडीने हात हलविला, की लाभ होतो. त्याला हात हलविण्यास प्रवृत्त करणारी वस्तू महाग असली पाहिजे असे मात्र नाही. ज्या घरी आजोबांचा हात लुळा पडला आहे, त्या घराला ही बातमी अकरा क्विंटलांहून मोलाची वाटेल.

त्या मुलीच्या घरी अखेर काय ठरते, हे त्या घरावर सोपवू. मामाचे यंत्र आयते मिळाले असेल, तर योग्य वीजजोड, तारेचा जोड व मनगटाची दोरी एवढाच खर्च उरतो. आणि विकतच घ्यावयाचे असेल, तर किंमत, जास्तीच्या कांड्या, तबकड्या व दुरुस्ती हे सर्व एका कागदावर मांडून आईबाबांपुढे ठेवावे. खेळात आजीचा वाटा किती, हेही त्या कागदावर लिहिले तर उत्तम. बोलिंगचा खेळ खुर्चीवर बसूनही खेळता येतो.

ज्यांच्या घरी यांपैकी काही नाही, त्यांनाही कांडीतला तो इवलासा प्रवासी भेटू शकतो. हल्लीच्या बहुतेक स्मार्टफोनांत त्याच जातीचा त्वरणमापक असतो. फोन आडवा धरला असता पडद्यावरचे चित्र आडवे होते, ते त्याच्याच सांगण्यावरून. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने तयार केलेले 'फायफॉक्स' नावाचे ॲप विनामूल्य मिळते. वडिलांच्या परवानगीने ते फोनवर घेऊन त्यातील त्वरणाचे आकडे उघडावेत. फोन टेबलावर उताणा ठेवला असता तीनपैकी एक आकडा ९.८ च्या जवळपास राहील. ती पृथ्वीची ओढ होय. फोन हळूच पालथा केला, की त्याच आकड्यापुढे उणे चिन्ह येईल. नंतर जाड गादी अंथरून, तिच्यावर एक वीत उंचीवरून फोन अलगद सोडावा. खाली पडत असताना, त्या निमिषभरात, तिन्ही आकडे शून्याजवळ येतात. पडणाऱ्या फोनबरोबर आतला भारही तेवढ्याच वेगाने पडतो, म्हणून त्याला ओढ जाणवतच नाही. आकडे फार झटकन बदलतात. ॲपमध्ये त्यांची रेषा काढण्याची सोय आहे, तिच्यावर तो खड्डा नीट दिसेल.